फोन चोरीला गेल्यावर घोडे पेंड कुठे खाते?

बेळगावात मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यात मला १८ वर्षे झाली. दुकानात येणारे गिऱ्हाईक बहुधा फुटलेला फोल्डर, म्हणजे काचेसह पडदा, किंवा फुगलेली बॅटरी घेऊन येते. परंतु महिन्यातून दोन-तीन जण असे येतात, की ज्यांच्या हातात फोनच नसतो. तो चोरीला गेलेला असतो, तो बंद पाडण्यासाठी केलेला अर्ज कुठेतरी अडलेला असतो, आणि आमच्यासारख्या दुकानदाराला एखादी गुप्त युक्ती ठाऊक असेल या आशेने ते आलेले असतात. तशी युक्ती नाही. मात्र अर्ज अडण्याची कारणे ठरावीक आहेत, आणि आपला भाग दोन राज्यांच्या शिवेवर असल्यामुळे त्यांत अशा एक-दोन कारणांची भर पडते, जी पुण्या-मुंबईच्या माणसाच्या ध्यानातही येणार नाहीत. ती कारणे, त्यांवरचे उपाय आणि चोरीविरोधी म्हणून फोनमध्ये दिलेल्या सोयींपैकी खरोखर कामाला येणाऱ्या कोणत्या, हे येथे लिहितो.

गेल्या पावसाळ्यातले एक उदाहरण घेतो, कारण त्यात जवळजवळ सगळ्याच अडचणी एकत्र आल्या होत्या. चंदगड तालुक्यातला एक तरुण उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला येतो. संध्याकाळच्या बसला मध्यवर्ती बसस्थानकावर गर्दी होती. हिंडलगा, सुळगा, बाची मागे टाकून शिनोळीला उतरल्यावर त्याने खिसा चाचपला, तेव्हा फोन नव्हता. सीमेच्या पलीकडच्या पोलीस ठाण्यात त्याला सांगण्यात आले, की चोरी कर्नाटकात झाली असणार, तिकडे जा. अलीकडच्या पोलीस स्थानकात सांगण्यात आले, की तुम्हाला चोरी कळली ती महाराष्ट्रात, तिकडे जा. दोन दिवसांची मजुरी बुडवून तो माझ्याकडे आला, तोवर त्याच्या खात्यातून पैसेही गेले होते.

पहिल्या तासातला क्रम

बहुतेकांची पहिली चूक अशी, की फोन गेल्याचे कळताच ते त्याच क्रमांकावर वीस-पंचवीस वेळा फोन करतात. दोनदा वाजवून पाहणे ठीक आहे, कारण कधी तो बसच्या आसनाखालीच सापडतो. परंतु त्यानंतरचा प्रत्येक मिनिट फोन दुरून कुलूपबंद करण्यात गेला पाहिजे, कारण चोर सिम काढून टाकेपर्यंतच तो फोन तुमचे ऐकणार असतो.

अँड्रॉइड फोनसाठी गूगलची ‘फाइंड हब’ ही सोय आहे. पूर्वी तिला ‘फाइंड माय डिव्हाइस’ म्हणत. येथे घोडे पहिल्यांदा पेंड खाते. दुसऱ्याच्या फोनवरून स्वतःच्या गूगल खात्यात शिरू पाहिले, की गूगल खात्री करण्यासाठी संकेत पाठवते, आणि तो जातो नेमका चोरीला गेलेल्या फोनवर. यावर दोन उपाय आहेत. गूगल खात्यासाठी दहा राखीव संकेतांक मिळतात, ते कागदावर उतरवून घरी ठेवता येतात. दुसरा उपाय म्हणजे ‘रिमोट लॉक’: ही सोय आधी चालू करून क्रमांक पडताळून ठेवलेला असला, तर कोणत्याही फोनच्या ब्राउझरमध्ये केवळ आपला मोबाईल क्रमांक टाकून आणि एक साधी चाचणी पार करून फोनचा पडदा बंद करता येतो, पासवर्ड आठवावा लागत नाही. अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या फोनांवर ती मिळते. आयफोनच्या बाबतीत अॅपलने हा घोळ ठेवलेला नाही. आयक्लाउडच्या संकेतस्थळावर ‘फाइंड माय’ उघडण्यासाठी खात्याचा पासवर्ड पुरतो, दुसरा संकेत मागितला जात नाही.

कुलूप लावल्यावर लगेच ‘सर्व माहिती पुसून टाका’ हे बटण दाबण्याचा मोह होतो. अँड्रॉइडवर माहिती पुसली, की फोनचा ठावठिकाणा दिसणे बंद होते, म्हणून पडद्याला मजबूत पासवर्ड असेल तर घाई करू नये.

त्यानंतर सिम बंद करावे आणि बँकेला कळवावे. सिम आधी बंद केले, तर फोनचे नेट तुटते आणि कुलूप लावण्याचा आदेश पोचत नाही. म्हणून मी आधी कुलूप, मग सिम असा क्रम सांगतो. पण पाच मिनिटांत कुलूप लागत नसेल, तर ठावठिकाण्याचा नाद सोडून सिम बंद करावे. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी ती गोठवण्याची संधी थोडाच वेळ असते. आमच्या चंदगडच्या तरुणाचे पैसे गेले ते याच ठिकाणी: पडद्याला कुलूप होते, परंतु चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले आणि सगळे ओटीपी त्या फोनवर आले.

हे टाळण्याचा उपाय फुकटचा आहे आणि तरीही शंभरात एकाच्याही फोनवर मला तो दिसत नाही. फोनच्या सुरक्षा विभागात सिमला स्वतःचा पिन लावता येतो. मग ते सिम कुठल्याही फोनमध्ये घातले, की आधी पिन मागते, आणि तीन वेळा चुकला की कंपनीकडून मिळणाऱ्या पीयूके क्रमांकाशिवाय उघडत नाही. मूळ पिन सेवा देणाऱ्या कंपनीला विचारून मगच बदलावा. अंदाजाने टाकत बसल्यास स्वतःचेच सिम अडते. ई-सिम असेल, तर काढून घेण्याचा प्रश्नच उरत नाही.

तक्रार कुठे आणि कशी

सीमाभागातला सर्वांत मोठा अडथळा हद्दीचा आहे, आणि त्यावर कायद्यात स्पष्ट उत्तर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, पोलीस ठाण्यात देता येते. यालाच आपण झिरो एफआयआर म्हणतो. प्रवासात घडलेल्या गुन्ह्याबाबत कलम २०३ आहे: प्रवासात माणूस किंवा वस्तू ज्या ज्या न्यायालयांच्या हद्दीतून गेली, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणी चौकशी होऊ शकते. म्हणजे बेळगाव–शिनोळी बस असो, निपाणीहून कोगनोळी नाका ओलांडून कागलला जाणारी बस असो, की लोंड्याहून मिरजेला जाणारी रेल्वे, ‘नेमकी कुठे चोरी झाली ते सांगा’ या प्रश्नाला ‘अमुक ठिकाणी चढलो तेव्हा फोन होता, अमुक ठिकाणी उतरलो तेव्हा नव्हता’ हे उत्तर पुरेसे आहे. तक्रारीतही तेच वाक्य लिहावे, आणि बसचे तिकीट जपून ठेवून त्याचा क्रमांक व वेळ नमूद करावी. शक्ती योजनेतून प्रवास करणाऱ्या महिलांनाही शून्य रुपयांचे तिकीट मिळते, ते बहुतेक जणी उतरताच फेकून देतात; या कामी त्याचा उपयोग होतो. रेल्वेत चोरी झाल्यास १३९ वर कळवता येते, पण तेवढ्यावर न थांबता रेल्वे पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी. तक्रार घेतलीच नाही, तर त्याच कलमाच्या चौथ्या उपकलमाप्रमाणे मजकूर लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. माझा अनुभव असा, की कलमाचा आकडा लिहिलेला अर्ज शांतपणे पुढे ठेवला, तर टपालापर्यंत जाण्याची वेळ क्वचितच येते.

दुसरा घोळ शब्दाचा आहे. कर्नाटक पोलिसांची ‘ई-लॉस्ट’ ही ऑनलाइन सोय सोपी असल्यामुळे अनेक जण चोरीला गेलेला फोन ‘हरवला’ म्हणून नोंदवतात, किंवा त्यांना तसे करण्याचा सल्ला मिळतो. फोन ब्लॉक करण्यासाठी आणि नवे सिम घेण्यासाठी ती नोंद चालते. परंतु ती हरवल्याची पोच असते, तिच्यावरून चोरीचा गुन्हा दाखल होत नाही. फोनचा विमा असेल, तर ‘हरवला’ या एका शब्दावर दावा अडतो, कारण अनेक विमा योजनांत चोरी धरली जाते, हरवणे धरले जात नाही. चोरी असेल तर चोरीच लिहावे.

तिसरा मुद्दा भाषेचा. इकडे तक्रारीची प्रत कन्नडमध्ये मिळते, आणि मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यातल्या पुष्कळांना ती वाचता येत नाही. भाषेच्या हक्काचा वाद मोठा आहे, तो येथे काढत नाही. या कामापुरते एवढे ध्यानात ठेवावे, की लिहून घेतलेली माहिती वाचून दाखवणे आणि प्रत विनामूल्य देणे हे कलम १७३ मध्येच सांगितलेले आहे. म्हणून सही करण्याआधी वाचून दाखवण्याची विनंती करावी आणि निदान तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात: तारीख, ‘चोरी’ हा शब्द, आणि आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाचे पंधराच्या पंधरा अंक. हे अंक तोंडी न सांगता कागदावर ठळक लिहून द्यावेत. एक अंक चुकला, तर प्रत आणि अर्ज यांचा मेळ बसत नाही, आणि मग ‘अर्ज का नाकारला’ हे विचारायला लोक माझ्याकडे येतात.

सीईआयआरवरचा अर्ज का अडतो

सीईआयआर ही केंद्र सरकारची फोनच्या आयएमईआय क्रमांकांची नोंदवही आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रात ती प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि मे २०२३ पासून ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरून देशभर खुली झाली. येथे चोरीचा म्हणून नोंदवलेला फोन भारतातल्या कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर चालत नाही. फोन बेळगावचा असला आणि कोल्हापुरात विकला गेला, तरी फरक पडत नाही. कोणी त्यात सिम घातले, की त्याचा माग पोलिसांपर्यंत जातो.

अर्ज अडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण असे, की ज्या क्रमांकाचा फोन गेला त्याच क्रमांकावर ओटीपी येतो, म्हणून आधी त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे लागते, आणि नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. हा बिघाड नसून नियम आहे. सिम बदलून होणारी फसवणूक रोखण्यासाठी तो केला आहे. लोक मात्र ओटीपी येत नाही म्हणून सिम बदलून आणतात आणि २४ तास पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात. सिम घेतल्याची वेळ लिहून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी त्या वेळेनंतर अर्जाला बसावे.

दोन सिमच्या फोनला आयएमईआय क्रमांकही दोन असतात. दोन्ही भरावेत, नाहीतर फोन अर्धाच बंद होतो. क्रमांक खोक्यावर आणि पक्क्या बिलावर असतो. खोके रद्दीत गेले असेल, तर गूगल किंवा अॅपल खात्यातील उपकरणांच्या यादीत तो सापडतो. राज्य, जिल्हा आणि पोलीस स्थानक निवडताना घर कुठे आहे ते पाहू नये. तक्रारीच्या प्रतीवर जे स्थानक आहे तेच भरावे. चंदगडच्या तरुणाने तक्रार अखेर बेळगावात दिली होती, पण अर्जात स्वतःचा जिल्हा म्हणून कोल्हापूर निवडला होता. अर्ज पूर्ण झाल्यावर मिळणारा विनंती क्रमांक जपून ठेवावा. त्याचे काम पुढे लागते.

मग चोरीविरोधी सोयी कामाच्या आहेत का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचे उत्तर फोन कोणाच्या हाती पडला यावर ठरते. अॅपलने २०१३ मध्ये आयफोनला ‘अॅक्टिव्हेशन लॉक’ दिले: माहिती पुसली तरी मूळ मालकाच्या पासवर्डशिवाय फोन सुरू होत नाही. त्यानंतरच्या वर्षभरात सॅन फ्रान्सिस्कोत आयफोनच्या चोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे २०१५ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले. लंडनमध्येही मोठी घट झाली. पण दहा वर्षांच्या आत लंडनमध्येच फोनचोरीने पुन्हा उचल खाल्ली, कारण चोरांनी बाजार बदलला: उघडा असलेला फोन हातातून हिसकावायचा, किंवा बंद फोन परदेशी पाठवून त्याचे सुटे भाग विकायचे.

आमच्या टेबलावरून ही गोष्ट स्पष्ट दिसते. कुलूप लागलेल्या महागड्या फोनचा मूळ फोल्डर, कॅमेरा आणि बॅटरी यांना किंमत येतेच. बोर्ड निरुपयोगी झाला तरी उरलेल्या अंगावर चोराचे भागते. आयओएस १८ पासून अॅपलने कुलूपबंद फोनचे सुटे भागही दुसऱ्या फोनमध्ये बसवताना अडवायला सुरुवात केली, तो मार खरा वर्मावर बसणारा आहे. अँड्रॉइडवर २०१५ पासून असलेले ‘फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन’, म्हणजे माहिती पुसल्यावरही मूळ गूगल खाते मागणारे कुलूप, ज्याला धंद्यात एफआरपी म्हणतात, जुन्या आणि अपडेट न झालेल्या फोनांवर वळसा घालून पार करणारे लोक आहेत, हे मान्य केले पाहिजे. अँड्रॉइड १५ मध्ये ते बरेच घट्ट झाले. म्हणून अपडेट पुढे ढकलत राहणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हेच कारण सांगतो.

२०२४ मध्ये गूगलने आणलेले ‘थेफ्ट डिटेक्शन लॉक’ फोन हिसकावून पळणाऱ्याची हालचाल ओळखून पडदा बंद करते. दुचाकीवरून हिसका मारणाऱ्यापुढे ते उपयोगी आहे. पण सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर पौर्णिमेच्या रेट्यात, चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत किंवा बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत खिसेकापू जो फोन काढतो, तो लोण्यातून केस काढावा तसा. त्यात हिसका नसतो, म्हणून ते कुलूप जागे होत नाही. तिथे कामाला येतो तो साधा पासवर्ड आणि तीस सेकंदांत मिटणारा पडदा. बंद पडद्यावरून वरची पट्टी खाली ओढून विमान मोड लावता येत असेल, तर ती सोय बंद करावी, आणि फोन बंद करताना पासवर्ड मागण्याची सोय असल्यास ती चालू करावी. हात लावताच भोंगा वाजवणारी अॅप मी कोणाला सुचवत नाही. ती बॅटरी खातात आणि घरातल्यांचीच झोप मोडतात.

बॅगेत टाकायचा एअरटॅग किंवा तसला बिल्ला जवळच्या इतर फोनांच्या आधाराने जागा कळवतो. त्यात जीपीएस नसते. त्यामुळे बेळगाव स्थानकावर तो नेमका दिसतो आणि खानापूरच्या रानात गप्प होतो. शिवाय, कोणाचा पाठलाग होऊ नये म्हणून, अनोळखी बिल्ला आपल्यासोबत फिरतो आहे अशी सूचना काही वेळाने चोरालाही मिळते. लॅपटॉपच्या तारेच्या कुलपाबद्दल थोडक्यात: वाचनालयात पाच मिनिटे उठून जाण्यापुरते ते ठीक, पक्कड घेऊन आलेल्यासमोर नाही. लॅपटॉपमध्ये डिस्क कूटबद्ध करणारे बिटलॉकर किंवा फाइलव्हॉल्ट चालू असणे त्याहून महत्त्वाचे, कारण मग लॅपटॉप गेला तरी त्यातली कागदपत्रे जात नाहीत.

एका सापळ्याबद्दल मात्र सविस्तर सांगावे लागेल. आयफोन चोरीला गेल्यावर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, मालकाच्या नव्या सिमवर इंग्रजीत संदेश येतो: तुमचा फोन सापडला आहे, जागा पाहण्यासाठी येथे दाबा. उघडणारे पान हुबेहूब अॅपलचे वाटते आणि पासवर्ड मागते. तो दिला, की चोर मालकाच्याच हाताने कुलूप काढून घेतो. माझ्या स्वतःच्या भाच्याने आनंदाच्या भरात असाच पासवर्ड दिला आणि दहा मिनिटांत फोन त्याच्या यादीतून नाहीसा झाला. अॅपल असा दुवा पाठवून पासवर्ड मागत नाही. फोन परत मिळण्याची आशा सोडली असली, तरी तो खात्याच्या यादीतून कधीही काढू नये.

जुना फोन विकत घेणाऱ्यांनी उलट बाजूने काळजी घ्यावी. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून आलेला आयएमईआय क्रमांक, आधी केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे लिहून व एक जागा सोडून, १४४२२ वर एसएमएसने पाठवला, की त्या फोनची स्थिती कळते. ‘पासवर्ड विसरलो, उघडून द्या’ म्हणत येणाऱ्याला मी बिल मागतो. बहुतेक जण ‘आणतो’ म्हणून जातात ते पुन्हा येत नाहीत. आयएमईआय बदलून देतो म्हणणाऱ्या कारागिराच्या नादी लागू नये. दूरसंचार कायदा, २०२३ नुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

चंदगडच्या तरुणाचा फोन चार महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात सिम घातल्यावर सापडला आणि न्यायालयाच्या परवानगीने, पक्के बिल दाखवून, त्याच्या ताब्यात आला. दुसऱ्याच दिवशी तो माझ्याकडे हजर झाला: फोन सुरू होतो, वायफाय चालते, पण सिमचे जाळे येत नाही, चोराने आतले काही बिघडवले असावे. मी अँटेना तपासण्यासाठी फोन उघडायला घेतला आणि थांबलो. विनंती क्रमांक शोधून संचार साथीवर ‘अनब्लॉक’चा अर्ज भरला, आणि फोन न उघडताच परत दिला.